राणीचा चेहरा कोरणारा माणूस : विल्यम वायन

राणीछाप रुपया तुम्ही पाहिलाच असेल. कितीतरी घरांत लक्ष्मीपूजनाच्या ताटात तो अजून असतो. वर्गात आपण त्यावरचं वर्ष वाचतो, चांदीचा आहे म्हणतो आणि पुढच्या धड्याकडे वळतो. आज जरा त्या चेहऱ्यापाशी थांबू या.

व्हिक्टोरिया राणीचा गाजलेला चेहरा विल्यम वायन यांनी कोरला. जन्म 1795, बर्मिंगहॅम. घराणंच ठसे कोरणाऱ्यांचं. 1828 मध्ये ते लंडनच्या शाही टाकसाळीत मुख्य कोरक झाले. 1834 मध्ये त्यांनी व्हिक्टोरियाचं चित्र समोर बसवून काढलं. तेव्हा ती अवघी 15 वर्षांची. म्हणजे आपल्या दहावीच्या मुलींएवढी!

1837 मध्ये ती गादीवर आली आणि 9 नोव्हेंबरला तिने लंडन शहराला, म्हणजे 'सिटी'ला, समारंभाने भेट दिली. या भेटीची आठवण म्हणून वायन यांनी पदक केलं. एका बाजूला डावीकडे पाहणारी राणी, दुसऱ्या बाजूला तिचं स्वागत झालं ती गिल्डहॉलची इमारत. चेहरा मात्र 1834 च्या त्या चित्रावरूनच घेतला.

हे काम किती अवघड, ते मुलांना सांगून कळत नाही. पदकावर जे उंच दिसतं ते ठशात खोल असतं आणि डावं ते उजवं. शिवाय कोरून झाल्यावर पोलादाला पाणी द्यायचं, म्हणजे लालबुंद तापवून एकदम थंड करायचं. त्यात ठसा तडकला की महिन्यांची मेहनत वाया. साबणाच्या वडीवर मुलांना स्वतःचं नाव उलटं कोरू द्या आणि ओल्या मातीवर दाबायला सांगा. एक 'क' सरळ उमटवताना काय होतं ते बघाच.

पुढे याच पदकावरून चित्र काढून 1840 चं पहिलं डाक तिकीट, 'पेनी ब्लॅक', तयार झालं. चेहराच का? तर माणसाची नजर चेहऱ्यातला बारीक फरक चटकन पकडते, म्हणून नक्कल करणं अवघड. मला हे कारण फार आवडतं. नक्षी बदलली तर आपल्या लक्षातही येणार नाही, पण ओळखीचं नाक जरा वाकडं झालं की लगेच कळतं. राणी 1901 मध्ये 81 व्या वर्षी वारली, तोपर्यंत ब्रिटिश तिकिटांवर ती तरुणच राहिली.

आता आपला रुपया. 1840 च्या रुपयावर मुकुट नसलेली राणी आहे आणि काही नाण्यांवर मानेच्या कापावर 'डब्ल्यू. डब्ल्यू.' ही वायन यांची बारीक अक्षरं सापडतात. भिंग द्या, मुलं शोधत बसतील. मागे मात्र नाव ईस्ट इंडिया कंपनीचं! पुढे राणी, मागे व्यापारी. 1857 च्या आधी इथे राज्य नक्की कोणाचं, हा गुंता एका नाण्यात दिसतो. कंपनीचा कारभार 1858 मध्ये संपला. 1862 च्या नाण्यांवर राणीला मुकुट आला आणि कंपनीचं नाव गेलं. 1877 पासून 'क्वीन'च्या जागी 'एम्प्रेस'. ही तीन नाणी किंवा त्यांचे मोठे फोटो शेजारी ठेवा आणि काय बदललं ते मुलांनाच सांगू द्या. तारखा पाठ करून घेण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

एक प्रश्न हमखास येतो : "राणी म्हातारी कधी दिसते?" ब्रिटनच्या नाण्यांवर 1893 पासून, डोक्यावरून ओढणी घेतलेली. राणी भारतात कधी आली नाही आणि तिचा तो वयस्कर चेहरा आपल्या रुपयावरही कधी आला नाही.