बाहुलींतील पांढरी चमक

आरशासमोर उभें राहून आपल्या डोळ्यांकडे निरखून पाहिल्यास बुबुळाच्या मधोमध एक काळा ठिपका दिसतो. त्यास आपण बाहुली म्हणतों. हा ठिपका म्हणजे कोणताहि काळा पदार्थ नव्हे. तें एक छिद्र आहे. त्यांतून आंत शिरलेला प्रकाश ज्या वाटेनें आला त्याच वाटेनें बाहेर परततो, आणि पाहणाराचें डोकें त्या वाटेंत नसल्यामुळें त्यास आंत अंधारच दिसतो. सन १८५१ मध्यें हेल्महोल्ट्झ नांवाच्या जर्मन शास्त्रज्ञानें ही अडचण ओळखून असें एक साधन तयार केलें कीं, त्याच्या योगानें प्रकाश टाकण्याची व पाहण्याची दिशा एकच व्हावी. त्या दिवसापासून जिवंत माणसाच्या डोळ्याचा अंतर्भाग वैद्यांस दिसूं लागला. तेथील रंग तांबूस असतो. कारण डोळ्याच्या पाठीमागील पडद्याखालीं रक्तवाहिन्यांचें दाट जाळें आहे. हल्लीं रात्रीं झगझगीत दिवा लावून काढलेल्या छायाचित्रांत माणसांचे डोळे लाल दिसतात, तेंहि याच कारणामुळें.

आतां, एखाद्या लहान मुलाच्या छायाचित्रांत एक डोळा लाल व दुसरा पांढरा किंवा पिवळसर, मांजराच्या डोळ्यासारखा चमकतांना दिसला, तर? हाच आमच्या लेखाचा विषय आहे.

अशा चमकेचीं कारणें अनेक आहेत. जन्मतःच मोतीबिंदु असूं शकतो, आंतील पडदा सुटलेला असूं शकतो, किंवा कुत्र्याच्या पोटांतील जंताचीं अंडीं मातींतून मुलाच्या पोटांत गेल्यानें डोळ्यांत सूज आलेली असूं शकते. म्हणून पांढरी चमक दिसतांच घाबरून जाण्याचें कारण नाहीं. परंतु त्या कारणांत एक असें आहे कीं, त्याच्यामुळें बाकीचीं सर्व कारणेंहि तांतडीचीं ठरतात. तें म्हणजे दृष्टिपटलांत होणारें अर्बुद, ज्यास डॉक्टर लोक रेटिनोब्लास्टोमा म्हणतात. हा लहान मुलांचा कर्करोग आहे. सुमारें सोळा ते अठरा हजार जन्मांमागें एका मुलास तो होतो, आणि बहुतेक मुलांत वयाच्या पांचव्या वर्षापूर्वींच तो दिसून येतो. वेळेवर उपचार न झाल्यास तो डोळ्याच्या मागील नेत्ररज्जूमधून मेंदूकडे सरकतो.

रोग दुर्मिळ आहे या गोष्टीचा खरा अर्थ काय, हें ध्यानांत घेतलें पाहिजे. अंधेरीस किंवा मुलुंडास तीसतीस वर्षें दवाखाना चालविणाऱ्या एखाद्या चांगल्या डॉक्टरासहि उभ्या आयुष्यांत असा एखादाच रोगी भेटेल, कदाचित् एकहि भेटणार नाहीं. यांत त्याचा दोष नाहीं. परंतु त्यामुळें असें होतें कीं, हा रोग पहिल्यानें ओळखण्याचा प्रसंग बहुधा डॉक्टरावर न येतां मुलाच्या आईवर, आजीवर किंवा मोठ्या भावंडावर येतो. संध्याकाळीं दिवे लावतांना, मूल मांडीवर निजलें असतां, एका विशिष्ट कोनांतून ती चमक क्षणभर दिसते आणि नाहींशी होते. मग घरांत चर्चा सुरू होते. कोणी म्हणतो, डोळ्यांत फूल पडलें. कोणी म्हणतो, उजेडाचा भास झाला. मूल तिरळें पाहूं लागलें तर तें भाग्याचें लक्षण मानणारेहि आपल्यांत आहेत! वस्तुतः तिरळेपणा हें या रोगाचें दुसरें मोठें लक्षण आहे. ज्या डोळ्यास नीट दिसत नाहीं तो आपली दिशा सोडून भरकटतो. अर्थात् प्रत्येक तिरळ्या मुलास हा रोग असतो असें नव्हे. पण प्रत्येक तिरळ्या मुलाचा डोळा बाहुली मोठी करण्याचें औषध घालून एकदां आंतून पाहिला गेलाच पाहिजे, याविषयीं आमच्या मनांत शंका नाहीं.

या रोगाचें ज्ञान माणसास कसें झालें, ती हकीकत मोठी बोधप्रद आहे. सन १५९७ मध्यें हॉलंडांतील लायडन येथील पीटर पाव यानें एका लहान मुलाच्या डोळ्यांतील मोठ्या गांठीचें वर्णन लिहून ठेवलें. तें बहुधा याच रोगाचें असावें. पुढें दोनशें वर्षांनीं, १८०९ सालीं, एडिंबरो येथील जेम्स वॉर्ड्रॉप या शस्त्रवैद्यानें अशा रोग्यांचे डोळे स्वतः चिरून पाहिले, आणि दोन गोष्टी ठामपणें सांगितल्या. पहिली, ही गांठ दृष्टिपटलांतून उगवते. दुसरी, रोग लहान असतांनाच डोळा काढून टाकल्यास मुलाचा प्राण वांचूं शकेल. त्या काळीं भूल देण्याची विद्या नव्हती. ती १८४६ नंतरची. तान्ह्या मुलावर भूल न देतां असली शस्त्रक्रिया करणें म्हणजे काय, याची कल्पनाच केलेली बरी. वॉर्ड्रॉपजवळ आजच्यासारखें सूक्ष्मदर्शकहि नव्हतें. तरी केवळ चाकू, डोळे आणि चिकाटी यांच्या बळावर त्यानें काढलेलीं अनुमानें टिकून राहिलीं. पुढें १८९१ सालीं फ्लेक्स्नर यानें व १८९७ सालीं विंटरस्टायनर यानें सूक्ष्मदर्शकाखालीं या गांठींतील पेशींची एक चमत्कारिक मांडणी दाखविली. पेशी एका लहानशा पोकळीभोंवतीं फुलाच्या पाकळ्यांप्रमाणें वर्तुळाकार बसलेल्या असतात. या मांडणीस आजहि त्या दोघांचेंच नांव आहे. डोळ्यांत ‘फूल’ पडल्याचें आमच्या आज्या सांगत, तें निराळें. परंतु हें फूल मात्र खरेंच तेथें असतें.

आतां विकृतिशास्त्राच्या प्रयोगशाळेंत काय चालतें, तें पाहूं. शरीरांत कोठेंहि गांठ झाली तर डॉक्टर प्रथम तिचा बारीकसा तुकडा काढून तपासावयास पाठवितात, हें अनेकांस ठाऊक असेल. या रोगांत मात्र तसें करीत नाहींत. डोळ्यांत सुई घातली तर तिच्या वाटेनें कर्कपेशी बाहेर पडून डोळ्याच्या खोबणींत पसरण्याचा धोका असतो. म्हणून निदान बाहेरूनच करावें लागतें: मुलास भूल देऊन डोळ्याच्या आंत पाहणें, ध्वनिलहरींनीं गांठीचें चित्र घेणें, त्यांतील चुन्याचे कण शोधणें, चुंबकीय यंत्रानें नेत्ररज्जूचें व मेंदूचें चित्र घेणें. विकृतिशास्त्रज्ञाच्या हातीं कांहीं येतें तें डोळा काढल्यावरच. कित्येकांस वाटेल कीं, मग तपासून उपयोग काय? डोळा तर गेलाच!

उपयोग आहे, आणि तो फार मोठा आहे. डोळा काढतांना शस्त्रवैद्य नेत्ररज्जूचा जितका लांब तुकडा डोळ्यासोबत घेतां येईल तितका घेतात. काढलेला डोळा फॉर्मॅलिनमध्यें ठेवून घट्ट करतात. त्यानंतर त्याचे भाग मेणांत बसवून एका यंत्रावर त्यांचे इतके पातळ काप घेतात कीं, माणसाच्या एका केसाच्या जाडींत तसले दहाबारा काप सहज मावावेत. हे काप काचपट्टीवर पसरून लॉगवूड नांवाच्या झाडापासून मिळणाऱ्या द्रव्यानें रंगवितात. मग निरोगी भाग गुलाबी दिसतो, व कर्कपेशी गर्द निळ्या ठिपक्यांचा दाट थवा होऊन दिसतात. विकृतिशास्त्रज्ञ प्रथम नेत्ररज्जूचें कापलेलें टोंक पाहतो. त्या टोंकावर निळ्या पेशी नसल्या तर रोग डोळ्याबरोबर बाहेर आला, असें मानण्यास जागा होते. त्या तेथें असल्या तर रोगाचा कांहीं अंश आंत राहिला आहे, आणि केवळ शस्त्रक्रियेवर थांबून चालणार नाहीं. यानंतर दृष्टिपटलाखालील रक्तवाहिन्यांच्या थरांत रोग किती खोल शिरला आहे, हें तो मोजतो. एका बाळास औषधांच्या मात्रा द्यावयाच्या कीं नाहीं, किती द्यावयाच्या, हें या दोन उत्तरांवर अवलंबून असतें. औषधें कडक आहेत; विनाकारण देणें व आवश्यक असतां न देणें, दोन्ही घातक. डोळ्यांत तेल घालून पाहणें असें आपण म्हणतों, तें या कामास शब्दशः लागूं पडावें.

मुंबईस या विद्येची परंपरा चांगली आहे. परळ येथील टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजीं उघडलें, आणि त्याच्या प्रयोगशाळांची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांजकडे आली. खानोलकर (१८९५–१९७८) हे भारतीय विकृतिशास्त्राचे जनक समजले जातात. त्यांची कीर्ति डोळ्यांच्या रोगांमुळें झालेली नाहीं. तंबाखू चघळण्यासारख्या लोकांच्या संवयी व कर्करोग यांचा संबंध शोधण्यामुळें ती झाली. परंतु काढलेला प्रत्येक तुकडा पाहावा, त्याची नोंद ठेवावी, आणि रोगी कोठला, काय काम करतो, काय खातो, हेंहि त्या नोंदीशेजारीं लिहावें, ही शिस्त त्यांच्यासारख्यांनीं आपल्याकडे रुजविली. त्यांच्याच पुढाकारानें १९५२ सालीं मुंबईंत कर्करोग संशोधन केंद्र निघालें. घाटकोपर व मुलुंड येथील मंडळी धीम्या गाडीनें परळास उतरून टाटा रुग्णालयांत जातात. बोरिवली व अंधेरीकडील मंडळी प्रभादेवीस उतरतात, ज्या स्टेशनास २०१८ पर्यंत एल्फिन्स्टन रोड म्हणत. भारताच्या दूरदूरच्या जिल्ह्यांतून दोन दोन दिवस प्रवास करून येणाऱ्या आईबापांच्या मानानें आपण उपनगरवासी किती जवळ आहों!

नोंद ठेवण्याच्या या शिस्तीनें काय साधतें याचें एक जुनें उदाहरण पुण्याचें आहे. सूक्ष्मदर्शकाचें काम केवळ कर्करोग दाखविणें एवढेंच नाहीं. जो कर्करोग नाहीं तो नाहीं असें सांगणें, हेंहि तितक्याच महत्त्वाचें आहे. कधीं कधीं पापणीच्या आंतल्या नाजूक आवरणावर लालभडक, मऊ, तुतीच्या फळासारखी गांठ वाढते. ती सहज रक्ताळते, म्हणून पाहणारास भय वाटतें. परंतु नीट पाहिल्यास तिच्यावर रव्यासारखे बारीक पांढरे कण दिसतात, व सूक्ष्मदर्शकाखालीं प्रत्येक कण म्हणजे हजारों बीजाणूंनीं भरलेली पिशवी ठरते. हा ऱ्हायनोस्पोरिडियम नांवाच्या सूक्ष्मजीवाचा उपद्रव होय. तो बहुधा नाकांत व त्याखालोखाल डोळ्यांत होतो. त्याचें वर्णन १९०० सालीं अर्जेंटिनामध्यें सीबर यानें केलें. परंतु जगांतील बहुतेक रोगी भारत व श्रीलंका या देशांतच आढळतात. १९३३ सालीं नोरोन्हा यांनीं पुण्यांतील वाळूचें काम करणाऱ्या मजुरांत हा रोग आढळत असल्याचें प्रसिद्ध केलें, व गांठीच्या सूक्ष्म रचनेचेंहि वर्णन दिलें. एकएकटा रोगी पाहिला असता तर गांठ कापून काम संपलें असतें. धंद्याची नोंद झाली, म्हणून पाणी व वाळू यांच्याकडे बोट दाखवितां आलें. हा जीव बुरशीच्या जातीचा असें पुष्कळ वर्षें समजत. १९९९ सालच्या सुमारास त्याच्या आनुवंशिक द्रव्याची परीक्षा झाली, तेव्हां माशांस उपद्रव देणाऱ्या पाण्यांतील परजीवींच्या कुळांतला तो निघाला. गांठ मुळासकट काढून मूळ जागा डागली म्हणजे रोगी बहुधा बरा होतो. मात्र ती पुनः उगवूं शकते.

असो. आपण मूळ विषयाकडे वळूं. रेटिनोब्लास्टोमा कांहीं मुलांत एकाच डोळ्यास व कांहींत दोन्ही डोळ्यांस कां होतो, हें कोडें पुष्कळ काळ सुटलें नव्हतें. १९७१ सालीं अमेरिकेंतील आल्फ्रेड नड्सन यांनीं केवळ ४८ रोग्यांचे कागद पुढें घेऊन हिशेब केला. दोन्ही डोळ्यांस रोग झालेलीं मुलें वयानें लहान असतात, एका डोळ्याचीं त्यांहून मोठीं, हें त्यांच्या ध्यानांत आलें. त्यावरून त्यांनीं असें अनुमान बांधलें कीं, पेशीस आवरून धरणारी एक कळ असते व ती प्रत्येक पेशींत जोडीनें असते, एक आईकडून आलेली व एक बापाकडून. दोन्ही कळा बिघडल्या म्हणजे पेशी बेबंद वाढते. ज्या मुलांत एक कळ जन्मतःच बिघडलेली असते, त्यांस दुसरा अपघात पुरे होतो. १९८६ सालीं ही कळ तेराव्या गुणसूत्रावर प्रत्यक्ष सांपडली. या रोगाच्या सुमारें ४० टक्के मुलांत हा दोष शरीराच्या सर्व पेशींत असतो. त्यांतील पुष्कळांत तो नव्यानेंच उद्भवलेला असतो व आईबाप निर्दोष असतात. म्हणून आईच्या कुळास किंवा बापाच्या कुळास बोल लावणाऱ्या नातेवाइकांनीं जरा दमानें घ्यावें, हें बरें. परंतु पुढें त्या मुलाच्या प्रत्येक अपत्यास दोष मिळण्याची शक्यता निम्मी असते. यास्तव एका मुलास रोग आढळला कीं त्याच्या सर्व लहान भावंडांचे डोळे, तीं निरोगी दिसत असलीं तरी, तपासून घ्यावे लागतात.

आज रोग लौकर सांपडल्यास पुष्कळ वेळां डोळाच नव्हे तर दृष्टिहि वांचवितां येते. लेसर, अतिशीत उपचार, शिरेंतून किंवा थेट डोळ्याच्या रोहिणींतून दिलेलीं औषधें, असे अनेक मार्ग आहेत. संपन्न देशांत शंभरांतील पंचाण्णवांहून अधिक मुलें वांचतात. जेथें मुलें उशिरा येतात तेथें हा आंकडा खालीं येतो, आणि उशिराचें एक कारण आम्हांस फार खुपतें. डोळा काढावा लागेल असें ऐकतांच कित्येक आईबाप मुलास घेऊन घरीं जातात. मुलगी असल्यास तिच्या लग्नाची काळजी दोन वर्षांच्या वयांतच पुढें येते. मग झाडपाला, अंजन, दुसरा डॉक्टर, तिसरा वैद्य असे महिने जातात. त्या रोगट डोळ्यास दिसत तर नसतेंच. तो ठेवून कांहींच राखलें जात नाहीं, आणि जें गमावण्याचा धोका असतो तें मात्र सर्वस्व असतें. काढलेल्या डोळ्याच्या जागीं बसविलेला कृत्रिम डोळा हल्लीं असा हुबेहूब करतात कीं, वर्गांतील सोबत्यांसहि तो सांगितल्यावांचून कळत नाहीं. एका डोळ्यानें मूल वाचतें, लिहितें, चेंडू झेलतें, आणि परीक्षेंत वरचा नंबरहि मिळवितें.

विद्यार्थिमित्रहो, तुमचें वय या रोगाच्या पलीकडे गेलें आहे. परंतु तुमच्या घरांत किंवा चाळींत पाळण्यांतलीं मुलें असतील. त्यांचीं छायाचित्रें तुम्हीच काढतां. एखाद्या चित्रांत एकाच बाहुलींत पांढरी चमक दिसली तर तें चित्र पुसून टाकूं नका. तें वडिलांस दाखवा, आणि डोळ्यांच्या डॉक्टराकडे जातांना बरोबर न्या. डॉक्टरास त्याचा उपयोग होतो.

प्रयोगशाळेंत तपासून झालेल्या डोळ्याचे मेणांत बसविलेले तुकडे फेंकून देत नाहींत. त्यांवर क्रमांक घालून ते लहान लहान खणांच्या कपाटांत ठेवतात. वर्षानुवर्षें ते तेथें पडून असतात. मग कोठें तरी एखादी नवी परीक्षा निघते, आणि कोणी तरी तरुण संशोधक तो खण उघडून जुना तुकडा पुनः कापावयास घेतो.