साहाय्य आणि मनुष्याची प्रतिष्ठा

लहानपणी परदेशातून आलेल्या जुन्या कपड्यांच्या वाटपात माझ्या वाट्यास एक लोकरीचा कोट आला. ठिकाण अकोला आणि महिना वैशाखाचा! नाव पुकारल्यावर पुढे जाऊन, सर्वांसमक्ष आभार मानून तो मी घेतला. देणाऱ्यांचा हेतू शुद्ध होता; परंतु आम्हांस काय पाहिजे, हे कोणीच विचारले नव्हते.

१९५८ साली जर्मनीतील कॅथॉलिक बिशपांनी जगातील भूक व रोग यांच्या निवारणार्थ ‘मिझेरेओर’ ही संस्था स्थापिली. या लॅटिन शब्दाचा अर्थ ‘मला कळवळा येतो’ असा असून, तो मार्ककृत शुभवर्तमानातील चार हजार भुकेल्यांच्या कथेतून घेतला आहे. त्या कथेतील एक गोष्ट सहज नजरेआड होते. कळवळा आल्यावर प्रभू येशू प्रथम जवळ किती भाकरी आहेत, हे विचारतो. सात निघतात, त्यांपासूनच तो आरंभ करतो.

पोप अकरावे पायस यांनी १९३१ च्या परिपत्रकात हेच तत्त्व समाजव्यवस्थेस लाविले. जे कार्य व्यक्ती किंवा लहान समाज स्वतः करू शकतो, ते मोठ्या संस्थेने त्याच्या हातून काढून घेणे अन्यायाचे होय, असे त्यांनी प्रतिपादिले. पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी २००५ साली आणखी एक मर्यादा स्पष्ट केली: प्रेमाचे कार्य निरपेक्ष असावे, ते धर्मप्रसाराचे साधन होऊ नये. ज्याच्या ताटात आपण घास वाढतो, त्याच्या श्रद्धेवर आपला हक्क पोहोचत नाही.

या तत्त्वांचा पडताळा आपल्या वऱ्हाडातच पाहावयास मिळतो. डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी १९४६ साली अमरावतीस कुष्ठरोग्यांसाठी ‘तपोवन’ उभारिले. ते कोणत्याही मिशनचे कार्य नव्हे. तथापि तेथे तोच प्रश्न विचारला गेला. ज्यांच्या हातांत जगाने केवळ भिक्षापात्र पाहिले, त्यांच्या हातांस औषधोपचाराबरोबर शेती, सुतारकाम व विणकाम मिळाले. रोग्याकडेही देण्याजोगे काही आहे, हे तेथे मानले गेले.

मित्रहो, उद्या देण्याची पाळी तुमच्यावर येईल. त्या वेळी हात पुढे करण्यापूर्वी समोरच्याजवळ बसा, आणि त्यास काय हवे व त्याजवळ काय आहे, हे विचारा. तो कोट मी एकदाही अंगात घातला नाही. परंतु हा धडा मात्र त्यानेच मला दिला.