कापूर, नरसाळं आणि नॅनोनळ्या

आजचा विषय आहे रासायनिक बाष्प निक्षेपण, म्हणजेच सीव्हीडी. नाव जड आहे, पण सुरुवात कापराच्या वडीपासून करता येते.

आधी माझी चूक सांगतो. देऊळघाटला वर्गात संप्लवनाचा प्रयोग चालू होता. बशीत कापूर, वर उलटं नरसाळं, त्याच्या तोंडाशी कापसाचा बोळा, खाली मंद आच. (आच मंदच ठेवा, कापूर पटकन पेट घेतो.) नरसाळ्याच्या आत पांढरा थर जमला आणि मी उत्साहात बोलून गेलो, "बघा, नॅनो थर असेच बसवतात!" मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "सर, पण हा तर कापूरच आहे. वास येतोय की."

तिचं बरोबर होतं. कापराची वाफ झाली, थंड झाली, पुन्हा कापूरच मिळाला. हा भौतिक बदल. सीव्हीडीमध्ये वाफेतले रेणू तापलेल्या पृष्ठभागाशी तुटतात किंवा एकमेकांशी क्रिया करतात. तिथे नवा पदार्थ थराथराने वाढतो आणि उरलेले वायू निघून जातात. नावातला 'रासायनिक' हा शब्द मी विसरलो होतो!

गंमत म्हणजे कापरापासून खरं सीव्हीडीही होतं. मुंबईच्या आयआयटीत प्रा. महेश्वर शेरॉन यांनी, आणि पुढे जपानमध्ये मुकुल कुमार व योशिनोरी आंदो यांनी कापरापासून कार्बनच्या नॅनोनळ्या वाढवल्या. कुमार-आंदो यांचा एक शोधनिबंध २००३ चा आहे. कापराच्या एका रेणूत कार्बनचे १० अणू असतात. कापरात थोडं फेरोसीन मिसळून त्यांची वाफ क्वार्ट्‌झच्या तापलेल्या नळीत सोडतात. तापमान साधारण ६५० अंश सेल्सिअस किंवा त्याहून जास्त. आत हवा नको, नाहीतर कापूर जळूनच जाईल. म्हणून आरगॉनसारखा निष्क्रिय वायू वाहता ठेवतात. फेरोसीनमधून लोखंडाचे अतिसूक्ष्म कण सुटतात. कार्बन त्या कणांत शिरतो आणि नळीच्या रूपात बाहेर वाढत जातो, साधारण सोऱ्यातून शेव निघावी तसा. कण जेवढा बारीक, तेवढी नळी बारीक.

हे शाळेत करायचं नाही, अर्थातच.

आता मी फळ्यावर एकच प्रश्न लिहितो: "जमलेला पदार्थ वाफेतलाच की नवा?" मग मुलांना उदाहरणं देतो: वरणाच्या झाकणावरचं पाणी, नरसाळ्यातला कापूर, मिथेन आणि हायड्रोजन वापरून प्रयोगशाळेत वाढवलेला हिरा. आरतीच्या ताटावरच्या काजळीवर मात्र वर्गात दरवेळी भांडण होतं. पदार्थ नवा आहे हे खरं, पण ज्योतीत ना तापमान आपल्या हातात, ना थराची जाडी. तो तास मी मुद्दाम लांबवतो.