रक्ताचा जमाखर्च व पांडुरोगाचे प्रकार

आमच्या कामठ्याच्या धानपट्टींत रोवणीच्या दिवसांत एखाद्या बाईस धाप लागूं लागली, कीं "रक्त कमी झालें" असें म्हणून टॉनिकची बाटली आणण्याची चाल आहे. परंतु रक्त कां कमी झालें हें न पाहतां औषध देणें म्हणजे तूट कोणत्या खात्यांत आहे हें न पाहतां रक्कम भरण्यासारखें होय.

प्रथम जमेची बाजू पाहूं. रक्तांतील तांबड्या पेशी हाडांच्या आंतील मगजांत तयार होतात. प्राणवायु कमी पडूं लागला म्हणजे मूत्रपिंडें एरिथ्रोपोएटिन नांवाचा स्राव सोडतात व त्यायोगें मगजाचें काम वाढतें. निरोगी प्रौढ माणसांत दर सेकंदास सुमारें २० लक्ष नव्या पेशी होतात व प्रत्येक पेशी सुमारें १२० दिवस टिकते. ह्या कामास लोह, फॉलिक आम्ल, बी-१२ जीवनसत्त्व व प्रथिनें लागतात.

तूट तीन वाटांनीं येते: उत्पन्न घटणें, पेशी अकालीं नाश पावणें, किंवा रक्त वाहून जाणें. शिवाय पेशींच्या आकारावरूनही वर्गवारी करतात.

लहान पेशी: मुख्यतः लोहाच्या अभावीं, तसेंच थॅलेसेमियांत. चिखलांत अनवाणी काम करणारांस अंकुशकृमि लागतो. तो आंतड्यांतून रक्त शोषून लोह घटवितो.

मोठ्या पेशी: फॉलिक आम्ल किंवा बी-१२ च्या अभावीं. डॉ. लुसी विल्स ह्यांनीं मुंबईंतील गरोदर स्त्रियांचा असा पांडुरोग यीस्टच्या अर्कानें बरा होतो हें १९३१ सालीं प्रसिद्ध केलें.

साधारण आकाराच्या पेशी: एकाएकीं झालेला रक्तस्राव, मूत्रपिंडाचा जुनाट विकार इत्यादींत.

आतां आमच्या पूर्व विदर्भांत विशेष लक्ष देण्याजोगा प्रकार म्हणजे सिकलसेल. ह्यांत पेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन बहुधा १० ते २० दिवसांतच नाश पावतात. हा दोष आईबापांकडून येतो. दोघेही वाहक असल्यास प्रत्येक अपत्यास रोग होण्याचा संभव चारांत एक असतो. येथें लोहाची कमतरता नसतां लोह देऊन लाभ नाहीं. वारंवार रक्त घ्यावें लागणाऱ्यांच्या शरीरांत तर तें सांचून अपाय करतें. ह्या रोगाच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम १ जुलै २०२३ रोजीं सुरू झाली.

म्हणून वाचकांनीं प्रथम रक्त तपासून घ्यावें. हिमोग्लोबिन प्रौढ पुरुषांत १३ व गरोदर नसलेल्या स्त्रियांत १२ ग्रॅमहून (दर १०० मिलिलिटर रक्तांत) कमी असल्यास पांडुरोग समजतात. पेशींचा आकार व सिकलसेलची चांचणी ह्यांविषयीं डॉक्टरांस विचारावें. पालेभाजी व डाळीबरोबर लिंबू किंवा आंवळा घ्यावा. जेवणाबरोबर चहा टाळावा. आणि सोयरीक जुळवितांना शेतीचा सातबारा पाहतों, तसा दोघांचा रक्ताचा दाखलाही पाहावा, अशी आमची आग्रहाची विनंति आहे.