सुगरणीचे घरटे व मनुष्याची बुद्धी
वाचावयाचे भाग : नीतिसूत्रे ३०:२४-२८, ईयोब ३९:१३-१८, स्तोत्र १३९

विहिरीवर झुकलेल्या बाभळीस पावसाळ्यात सुगरणीची घरटी लोंबताना आपण सर्वांनी पाहिली आहेत. आमच्या एका उपदेशकबंधूंनी त्यांवरून मंडळीत असे सांगितले की, पाखरास बुद्धी मुळीच नाही, तरी ते असे घर विणते. म्हणून विणणारा हात देवाचाच होय. उपासना आटोपल्यावर हायस्कुलात जाणारा एक मुलगा त्यांस म्हणाला, "मास्तर, पाखरू सरावाने शिकते. मग देवाचा पुरावा गेला काय?" मास्तरांनी त्यास दटावून गप्प केले व मजकडे चिठ्ठी पाठविली. चिठ्ठी पाठविली हे बरे केले. दटावले ते बरे केले नाही.

मुलाचे म्हणणे पाहू. घरटे विणतो तो नर. गवताच्या व भाताच्या पात्यांचे लांब धागे चोचीने फाडून तो आणतो. शेकडो खेपा होतात व सुमारे १८ दिवस लागतात. काम अर्धे झाले म्हणजे मादी येऊन पाहते. तिला पसंत पडले तर तो खालची लांब नळी विणून घर पुरे करतो, नाही तर बहुधा ते तसेच टाकून देतो. ह्याच कुळातील आफ्रिकेच्या पक्ष्यांत तरुण नरांची पहिली घरटी ओबडधोबड होतात व सरावाने सुधारतात, असे आढळले आहे. म्हणजे विणण्याची ओढ उपजत, कसब कमावलेले. शास्त्रलेखही मुंगीस शहाणी म्हणतो, आणि शहामृगास देवाने शहाणपण दिले नाही असे ईयोबाच्या पुस्तकात आहे. 'बुद्धी मुळीच नाही' हे मास्तरांचे बोलणे शास्त्रातले नव्हे.

पण दुसऱ्या टोकासही जाऊ नये. बर्लिन शहरी हान्स नावाचा घोडा खूर आपटून गणिते सोडवी. १९०४ साली विद्वानांची समिती बसली, तिला लबाडी दिसली नाही. पुढे ऑस्कर फुंग्स्ट ह्यांनी बारकाईने पाहिले. विचारणाऱ्यास स्वतःस उत्तर ठाऊक नसले की घोडा चुके! उत्तराचा आकडा येताच विचारणाऱ्याचे डोके नकळत किंचित हाले, तेवढ्यावरून घोडा थांबे. गणित त्यास येत नव्हते, मनुष्य वाचता येत होता.

आता पुराव्याविषयी. इंग्लंडातील पाळक विल्यम पेली ह्यांनी १८०२ साली लिहिले की, माळावर घड्याळ सापडले तर त्याचा कर्ता असलाच पाहिजे, सृष्टीचेही तसेच. १८५९ साली डार्विन ह्यांनी दाखविले की, पिढ्यान्‌पिढ्या लहान भेद होत जाऊन परिस्थितीस जुळणारे टिकतात, व त्यातूनही अशी रचना उपजते. अलीकडे अमेरिकेत 'बुद्धिपूर्वक रचना' ह्या नावाने पेलींचा वाद पुन्हा उठला. पेनसिल्व्हेनियातील डोव्हर गावच्या शाळामंडळाने हे मत जीवशास्त्राच्या वर्गात मुलांस कळविण्याचा ठराव २००४ साली केला. पालक न्यायालयात गेले. हे मत धर्माचे आहे, विज्ञान नव्हे, असा निकाल २००५ साली झाला. त्या मताविरुद्ध साक्ष देणारे जीवशास्त्रज्ञ केनेथ मिलर स्वतः रोमन कॅथलिक ख्रिस्ती होते, हे आमच्या लोकांस सहसा कोणी सांगत नाही.

आमचे मत असे. जेथे ज्ञान पोहोचले नाही त्या खळग्यात जो देवाला बसवितो, त्याला खळगा बुजला की देवाला उठवावे लागते. मूल गर्भात कसे वाढते हे आज दवाखान्यातील परिचारिका महिन्यामहिन्याने सांगू शकते. म्हणून स्तोत्र १३९ कोणी फाडून टाकले काय? बाळंतीण आजही देवाचेच उपकार मानते.

आणखी एक गोष्ट मास्तरांच्या ध्यानात आली नाही. 'पाखरास बुद्धी नाही, मनुष्यास आहे, हीच देवाची प्रतिमा' असेही ते त्या दिवशी म्हणाले. पुढच्याच रांगेत एक बाई बसली होती. तिच्या मांडीवरील नऊ वर्षांच्या मुलीस बोलता येत नाही, अन्न भरवावे लागते. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात देवाने मनुष्यास आपल्या प्रतिरूपाचे केले असे आहे. किती बुद्धीच्या मनुष्यास, असे तेथे लिहिलेले नाही.

मी मास्तरांस कळविले की, प्रथम त्या बाईच्या घरी जावे. मग त्या मुलास बोलावून, पुढील शब्बाथशाळेत घरट्याची सर्व माहिती त्यासच सांगू द्यावी, आणि आपण बाकावर बसून ऐकावे.