धाग्याचा फोटो आणि आडवा उजेड

गॅदरिंगच्या फोटो प्रदर्शनाचा विषय होता 'धागे'. नोटीस लागली त्याच रात्री आमच्या विंगमधले सहा जण कॉरिडॉरच्या कोपऱ्यातल्या कोळ्याच्या जाळ्यासमोर मोबाईल रोखून उभे! सगळ्यांनी फ्लॅश मारला आणि सगळ्यांच्या फोटोत एकच गोष्ट आली, हॉस्टेलची भिंत, पोपड्यांसकट. जाळं गायब.

असं का झालं हे कळायला मला आठवडा लागला. माणसाच्या केसाची जाडी साधारण ७० मायक्रॉन धरा. कापसाचा एक तंतू १२ ते २० मायक्रॉन. कोळ्याच्या जाळ्यातला धागा तर जेमतेम दोन-चार मायक्रॉन. आता मोबाईल एक फुटावर धरला तर बारा मेगापिक्सेलच्या फोटोतला एक पिक्सेल सुमारे १०० मायक्रॉन जागा व्यापतो (हिशेब करून बघा, फर्स्ट इयरच्या पलीकडचं काही लागत नाही). म्हणजे जाळ्याचा धागा पिक्सेलच्या पंचवीस-तीस पट बारीक. तो खरं तर दिसायलाच नको. पण आकाशातला तारा तरी कुठे पिक्सेलएवढा असतो? तो उजळ असतो आणि मागचं आकाश काळं असतं, म्हणून दिसतो. धाग्याचंही तसंच आहे. आपण धाग्याचा आकार टिपत नाही, त्याने वळवलेला उजेड टिपतो.

आणि हा उजेड वळतो कुठे? धागा प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा, म्हणजे साधारण अर्ध्या मायक्रॉनपेक्षा, जाड असला की त्यावर पडलेला बहुतेक उजेड थोडासा वाकून पुढेच निघून जातो. आल्या वाटेने परत येतो तो फारच थोडा. फ्लॅश कॅमेऱ्याच्या शेजारीच असल्यामुळे धाग्याने वळवलेला उजेड भिंतीकडे जातो, भिंत पांढरीफटक होते आणि धागा तिच्यात विरून जातो. म्हणून दिवा हवा धाग्याच्या मागे, जरा बाजूला, तोंड आपल्याकडे. पण त्याचा थेट झोत लेन्समध्ये घुसता कामा नये. आणि धाग्याच्या मागे अंधार हवा. बास, एवढंच. बाकी सगळं सामान हॉस्टेलमध्येच मिळतं.

मागे धरायला काळी छत्री. टॉर्चचा उजेड इकडेतिकडे सांडू नये म्हणून बॅडमिंटनच्या शटलचा रिकामा डबा, दोन्ही बाजूंनी कापलेला. मोबाईल टेकवायला पुस्तकांचा गठ्ठा (जाडजूड डेटाबुकचा इतका उपयोग यापूर्वी झाला नव्हता). मोबाईल बारीक धागा सोडून मागच्या छत्रीवर फोकस करतो, म्हणून धाग्याशेजारी पेन्सिलीचं टोक धरायचं, स्क्रीनवर त्या टोकावर बोट दाबून फोकस लॉक करायचा, पेन्सिल काढून घ्यायची आणि मग उजेडाची पट्टी खाली ओढायची. फोटो जवळजवळ काळा दिसेपर्यंत ओढा. मन घट्ट करावं लागतं, पण धागा तिथेच उमटतो.

पहाटे दव पडलेलं जाळं फार सोपं, कारण थेंबच चमकतात. काही जण स्प्रेने पाणी मारून दव करतात. मला ते पटत नाही, आणि कोळ्यालाही पटत नसावं. त्यापेक्षा वर्कशॉपमागच्या रुईच्या झाडाकडे जा. बोंड उकललं की आतून 'म्हातारी' निघते. लहानपणी हिच्या मागे धावलो नाही असा इथे कोणी नसेल. संध्याकाळी सूर्य खाली असताना ती सूर्य आणि कॅमेरा यांच्या मध्ये, पण सूर्याच्या बरोबर समोर नाही, अशी धरा. मधे काळपट बी आणि भोवती रेशमी केसांचं एकेक टोक सुटं दिसतं. वारा नको, एवढीच अट. माझे चाळीसातले सदतीस फोटो वाऱ्याने नेले.

विणलेल्या कापडाची गोष्ट वेगळी आहे. तिथे धागा हरवत नाही, धाग्यांची दिशा हरवते. मी आईची येवल्याची पैठणी घेतली (परवानगीने, तीही दोन अटींवर). धूप-छाव पैठणीत ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या रंगाचा असतो. दिवा ताण्याच्या दिशेने, कापडाला जवळजवळ टेकवून ठेवला तर आडवा बाणा चमकतो. नव्वद अंशांत फिरवला की ताणा. म्हणजे साडी तीच, कॅमेरा तिथेच, दिवा हलला की हिरव्याची जांभळी! गोल दांडीवर आडवा उजेड पडला की तिची पाठ चमकते, लांबीच्या दिशेने पडला की आपल्याकडे फार काही येत नाही, इतकंच त्यामागचं गणित. समोरून फ्लॅश मारला तर दोन्ही रंगांची खिचडी होते आणि जर पांढरीफक्क उमटते. लग्नाच्या अल्बममध्ये बऱ्याच पैठण्या अशाच मारल्या गेल्या आहेत.

मृणालिनी मुखर्जी (१९४९-२०१५) यांची तागासारख्या जाड धाग्याच्या गाठी मारून केलेली शिल्पंही मी फोटोतच पाहिली आहेत. बाजूने उजेड असलेल्या फोटोत त्यातली गाठ न् गाठ मोजता येते, समोरून घेतलेल्यात तीच शिल्पं टांगलेल्या पडद्यासारखी दिसतात.

टूथब्रशचा एक प्रयोग सगळ्यांनी करावा. एलसीडी स्क्रीनवर कोरं पांढरं पान उघडा. त्या स्क्रीनमधून येणारा उजेड ध्रुवित असतो. लेन्ससमोर पोलराइज्ड गॉगलची काच धरा आणि स्क्रीन काळी होईपर्यंत फिरवा. आता मध्ये टूथब्रश तिरका धरा. काळ्या स्क्रीनवर ब्रशचे नायलॉनचे केस लखलखतात, काही तर रंगीत! नायलॉन ओढून लांब करताना त्याचे रेणू एका दिशेला लागलेले असतात, ते उजेडाची पातळी फिरवतात. काचेचा तंतू ठेवला तर तिथे काहीच दिसत नाही, कारण काचेच्या रेणूंना अशी दिशाच नसते.

काचेवरून आठवलं. टेलिकॉमचा ऑप्टिकल फायबर १२५ मायक्रॉन जाड असतो आणि सिंगल मोडमध्ये उजेड ज्या गाभ्यातून जातो तो जेमतेम नऊ. पण याचा फोटो काढणं म्हणजे पंचाईतच. चांगला फायबर बाजूने चमकतच नाही; उजेड आतच राहावा म्हणून तर तो केला. चमकेल तर टोकाला, नाहीतर जिथे मोडला-वाकला तिथे. (चालू लाइनच्या टोकात डोळा घालू नका. तो उजेड इन्फ्रारेड असतो, दिसत नाही आणि इजा करू शकतो.) मी प्लॅस्टिकच्या तंतूंचा शोभेचा दिवा वापरला. त्याहून स्वस्त हवं तर बाटलीला भोक पाडून पाण्याची धार सोडा आणि समोरच्या बाजूने लेसर पॉइंटर त्या भोकातून मारा. उजेड धारेबरोबर वाकतो. मेसमधलं दोन थेंब दूध टाकलं तर धार फोटोत उठून दिसते. हे १८४१ मध्ये जिनिव्हात कोलाडोन यांनी दाखवलं, १८५४ मध्ये लंडनला जॉन टिंडल यांनी. पुढे बरोबर शंभर वर्षांनी, १९५४ मध्ये, पंजाबातल्या मोग्याचे नरिंदर सिंग कपानी आणि त्यांचे गुरू हॉपकिन्स यांनी काचेच्या तंतूंच्या जुडग्यातून चित्र पलीकडे पोचवल्याचा लेख 'नेचर'मध्ये छापला.

टिंडल यांच्याबद्दल वाचताना त्यांचं दुसरं काम सापडलं, आणि मी प्रदर्शन विसरलो. अंधाऱ्या खोलीत प्रखर झोत सोडून त्यांनी हवेत तरंगणारी धूळ दाखवली आणि १८७० मध्ये त्यावर व्याख्यान दिलं. पद्धत आपलीच: उजेड आडवा, मागे अंधार. मग त्यांनी त्या झोतात श्वास सोडून पाहिला. सुरुवातीला झोत होता तसाच राहिला. पण श्वासाच्या शेवटी, फुप्फुसाच्या तळातली हवा आली तेव्हा झोतात काळं भोक पडल्यासारखं दिसलं. त्या हवेत धूळच उरली नव्हती. ती आत राहिली होती.

माझे मामा सूतगिरणीत ब्लोरूमला आहेत. तिथे कापसाच्या गाठी फोडतात. सुट्टीनंतरच्या पहिल्या पाळीला त्यांची छाती आवळून येते, दोन-तीन दिवसांत बरं वाटतं. घरात आम्ही सगळे हसायचो, 'मामांना सुट्टी चढते' म्हणून. मीही हसलोय. या दुखण्याला बायसिनोसिस असं नाव आहे, आणि सुट्टीनंतरचा पहिला दिवस जड जाणं हीच त्याची ओळख आहे, हे मला लायब्ररीत बसल्यावर कळलं. १९४८ च्या कारखाना कायद्याला जोडलेल्या आजारांच्या यादीत त्याचं नाव होतं. सुरुवातीला धुळीपासून लांब गेलं की उतार पडतो; वर्षानुवर्षं तसंच चाललं तर पडत नाही.

गावी गेलो तेव्हा मामा पहिल्या पाळीहून आले होते. माजघराच्या दारात, कौलाच्या फटीतून दुपारचा कवडसा पडतो. मी म्हटलं, "मामा, शर्ट तिथे झटका."

"रोज दारातच झटकतो की. आज काय फोटो काढतोस काय?"

झटकला. कवडसा पांढरा झाला. फोटोत थोडे वाकडे बारीक तंतू दिसतात, बाकी सगळे ठिपके. तंतू बरेचसे नाकातच अडकतात. बारीक धूळ खाली उतरते. त्यात कापसाबरोबर आलेला पाल्याचा चुरा आणि जिवाणूंचा अंश असतो, आणि त्रासाचं मूळ बहुतांशी त्यातच आहे. (फोटोवरून धूळ मोजता येत नाही. ती 'आहे' एवढंच कळतं. मोजायला पंप आणि फिल्टर लागतो.)

मामांनी मोबाईल हातात घेऊन बराच वेळ पाहिलं. "खात्यात सगळीकडे ट्यूबलाइट असतात ना रे. असं काही दिसत नाही." मग म्हणाले, "हा मोठा करून दे." मामी काही बोलल्या नाहीत. त्यांनी शर्ट उचलला आणि वेगळ्या बादलीत भिजत टाकला.

प्रदर्शनाला मी म्हातारीचा फोटो दिला, त्याला उत्तेजनार्थ मिळालं. कवडशाचा फोटो दिला नाही. मामांना डॉक्टरांनी स्पायरोमेट्री सांगितली आहे, सुट्टीनंतरच्या पहिल्याच दिवशी, पाळीच्या आधी एकदा आणि पाळी संपल्यावर एकदा. त्या दिवशी मी जाणार आहे. मामांनी टॉर्च आणि शटलचा डबा घेऊन ये म्हणून निरोप दिलाय.