रक्त दिलं तेव्हा पाळीचा कितवा दिवस होता?

रिपोर्ट मोबाईलवर आला तेव्हा मी कोल्हापुरात राजारामपुरीत केएमटीच्या बसची वाट बघत उभी होते. सगळ्या आकड्यांत एकच ठळक : सीए-१२५, ९६. शेजारी 'हाय', आणि पुढं मर्यादा ३५. बस येईपर्यंत मोबाईलवर शोधूनही झालं. पहिला शब्द दिसला कॅन्सर. त्या रात्री माझ्या आणि नवऱ्याच्या डोळ्याला डोळा लागला नाही.

सोनोग्राफीत डाव्या अंडाशयात साडेतीन सेंटिमीटरची गाठ होती. जिथं दाखवलं तिथं सांगितलं, आठवड्यात ऑपरेशन करू, अंडाशयच काढून टाकू. आम्ही लगेच पैशाची जुळवाजुळव सुरू केली. माझी नणंद तेवढी अडून बसली, "वहिनी, आणखी एकीकडं दाखवल्याशिवाय सही करायची नाही."

तिनं नेलं त्या डॉक्टर एंडोमेट्रिओसिसच्या पेशंट नेहमी बघणाऱ्या. रिपोर्टवर नजर टाकून त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "रक्त दिलं तेव्हा पाळीचा कितवा दिवस होता?" दुसरा होता. दुखणं सोसेना म्हणूनच तर लॅबपर्यंत गेले होते.

त्यांनी समजावलं ते असं. सीए-१२५ हे एक प्रथिन आहे. अंडाशयाच्या कॅन्सरमध्ये ते वाढतं, तसंच पाळीत, गरोदरपणात, फायब्रॉइडमध्ये, ओटीपोटाच्या संसर्गात, पोटाच्या टीबीतही वाढतं. एंडोमेट्रिओसिसमध्ये, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी बाहेर, अंडाशयावर, आतड्यावर, पोटाच्या पडद्यावर रुजतात तेव्हाही वाढतं. उलट, आजार असून आकडा ३५ च्या आतही राहू शकतो. म्हणून एंडोमेट्रिओसिस ओळखण्यासाठी ही तपासणी वापरू नये, असं युरोपातल्या तज्ज्ञांच्या संस्थेनं २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट म्हटलंय. पाळी संपल्यावर माझं रक्त पुन्हा तपासलं, ४४ आलं. एमआरआयमध्ये गाठ 'चॉकलेट सिस्ट' निघाली, जुनं रक्त साठून झालेली.

पण खरं नुकसान त्या ९६ नं केलं नव्हतं. ते त्याआधीच्या आठ वर्षांतल्या 'नॉर्मल' रिपोर्टांनी केलं. हिमोग्लोबिन नॉर्मल, थायरॉइड नॉर्मल, पोटावरून केलेली सोनोग्राफी नॉर्मल. मग माझं दुखणं मलाच खोटं वाटायला लागलं. आई म्हणायची, "बायकांच्या जातीला हे असतंयच, बाळ झालं की थांबंल." पाळीत शौचाला बसताना कळ यायची, नवऱ्याजवळ जाताना दुखायचं. हे मी कुणाला सांगितलंच नाही, आणि मलाही कुणी विचारलं नाही. पातळ पसरलेला आजार सोनोग्राफीत बहुतेकदा दिसत नाही, त्यामुळं नॉर्मल रिपोर्ट म्हणजे आजार नाही असं नव्हे, हे मला फार उशिरा कळलं. जगात पाळीच्या वयातल्या साधारण दहा बायकांत एकीला हा आजार आहे. म्हणजे आपल्या गल्लीतही आहेत.

तुमच्या घरात कुणाला असं दुखत असेल तर रिपोर्टच्या आधी कालनिर्णय काढा. मी त्याच्या चौकोनांत पेन्सिलनं लिहायला लागले : कधी दुखलं, दहापैकी किती, दुखण्याची गोळी घेतली का, कामाला रजा पडली का. त्या डॉक्टरांनी माझी चार महिन्यांची पानं रिपोर्टपेक्षा जास्त वेळ वाचली. रक्त देताना पाळीचा दिवस चिठ्ठीवर लिहून घ्या. आणि तपासणी लिहून दिली की विचारायला लाजू नका, "यातून काय कळेल, आणि आकडा काही आला तरी उपचारात काय बदलेल?"

आजार आतड्यापर्यंत किंवा मूत्रनलिकेपर्यंत गेला असेल तर अशी दुर्बिणीची ऑपरेशनं नेहमी करणारा सर्जन शोधा, पुण्या-मुंबईला जावं लागलं तरी. खर्चाची भीती असेल तर सुरुवात कोल्हापुरातल्या सीपीआर या सरकारी रुग्णालयाच्या स्त्रीरोग विभागात केसपेपर काढून करा. अंडाशयाच्या गाठीला हात लावण्याआधी, मूल हवं असेल तर, एएमएच, म्हणजे बीजांच्या साठ्याचा अंदाज देणारी रक्ततपासणी, करायला सांगा. गाठ काढताना बीजांचा साठा घटू शकतो.

मात्र पाळी कायमची गेल्यावर आकडा वाढला, पोट फुगत चाललं, भूक-वजन उतरलं किंवा गाठीत घट्ट भाग दिसला, तर एक दिवसही थांबू नका. माझी गोष्ट तिथं लागू नाही.

माझं ऑपरेशन झालं नाही. रोज डायनोजेस्ट या हार्मोनच्या औषधाची २ मिलिग्रॅमची गोळी घेते. पहिले तीन महिने मधूनच रक्त दिसायचं, तेव्हा घाबरून सोडणार होते, डॉक्टरांनी धीर दिला. मूल हवं असणाऱ्यांना ही गोळी चालत नाही, त्यांची वाट वेगळी. आता दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी असते. गाठ तीनच्या खाली आलीय. मागच्या महिन्याच्या पानावर दुखण्याच्या गोळीची एकच खूण आहे.